हिणकस नाण्यांच्या बाजूने

कार्थेजचं चांगलं नाणं कोणतं, या प्रश्नाचं माझं उत्तर गेल्या काही वर्षांत पार बदललं आहे. पूर्वी कुणी विचारलं असतं, तर मी लगेच सांगितलं असतं: सिसिलीत पाडलेलं, चांदी शुद्ध असलेलं, ठसा मधोमध बसलेलं. आज मला काळवंडलेलं, हिणकस, जुन्या ठशावर नवा ठसा मारलेलं नाणं जास्त मोलाचं वाटतं. आणि त्याहूनही मोलाची वाटते ती एक नोंद: हे नाणं जमिनीतून नेमकं कुठे निघालं. हा बदल सहज झाला नाही. मी बराच काळ त्याच्याशी वाद घातला, आणि तो वाद इथे जसाच्या तसा मांडावासा वाटतो.

हिशेब तपासणं हा माझा पेशा. पुण्यात होतो तेव्हा शिवराया जमवत असे. नोकरीच्या निमित्ताने लंडनला आलो आणि प्राचीन भूमध्य प्रदेशातली नाणी उघडपणे, कायद्याने विकली जातात हे पाहिलं. ग्रीक आणि रोमन नाण्यांचे संग्राहक पुष्कळ भेटले. मला ओढ लागली कार्थेजची, आणि ती लागली डोळ्यांवाटे.

(पुढे येणारी तीन आकडी सालं सगळी इसवी सनापूर्वीची आहेत.)

आजच्या ट्युनिसच्या किनाऱ्यावर फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे शहर. परंपरेनुसार त्याची स्थापना ८१४ मध्ये झाली. समुद्रभर व्यापार करणाऱ्या या शहराने पहिली चारेकशे वर्षं स्वतःचं नाणंच पाडलं नाही. त्याची पहिली नाणी निघाली ती सुमारे ४१० मध्ये, आणि तीही घरी नव्हे, सिसिलीत. तिथल्या ग्रीक शहरांशी युद्ध पेटलं होतं. ४०९ मध्ये सेलिनुस आणि हिमेरा पडली, ४०६ मध्ये आक्रागास. कार्थेजच्या बाजूने लढणारे बरेचसे सैनिक इबेरिया, लिबिया, कॅम्पानिया इथून पगारावर आणलेले होते, आणि पगार द्यायचा तर रोख चांदी हवी. म्हणून ग्रीक वजनमापाची, सुमारे सतरा ग्रॅमची चांदीची नाणी पाडली गेली. त्यांवर घोडा, खजुराचं झाड आणि प्युनिक लिपीतली अक्षरं: शहराचं नाव, आणि ‘महनत’, म्हणजे सैन्याची छावणी. पुढच्या काही नाण्यांवर ‘महशबिम’ असं येतं, म्हणजे हिशेब पाहणारे अधिकारी.

काही दशकांनी याच मालिकेत सिराक्यूजच्या सुप्रसिद्ध नाण्यावरून घेतलेलं अरेथुसा या जलदेवतेचं मस्तक येतं. केसांत धान्याची पाती, भोवती पोहणारे डॉल्फिन, मागच्या बाजूला घोड्याचं डोकं आणि खजूर. तळहातावर मावणारं इतकं जिवंत शिल्प मी दुसरं पाहिलेलं नाही. माझं तेव्हाचं मत असं होतं की नाण्याची थोरवी कारागिराच्या हातात असते. युद्धं येतात आणि जातात, राज्यं बुडतात, पण कोरणाऱ्याने केसाच्या एका बटेला दिलेला वळसा तसाच राहतो. नंतरची कार्थेजची नाणी मला उताराला लागलेली वाटत. पिवळंजर्द सोनं फिकं होत जातं, चांदी तांबूस दिसू लागते, घोडा ओबडधोबड होतो. विक्रेत्यांच्या तबकात ती कोपऱ्यात पडलेली असत, आणि मीही ती कोपऱ्यातच राहू देत असे.

या मताला पहिला धक्का बसला तो ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या इतिहासाचं पहिलं पुस्तक वाचताना. रोमशी कार्थेजचं पहिलं युद्ध २६४ ते २४१ असं तेवीस वर्षं चाललं. कार्थेजची स्टेटर नावाची सोन्याची नाणी त्याआधीपासूनच चांदी मिसळून पाडली जात होती. या युद्धात सोन्याचा भाग आणखी घटत गेला. इतिहासकार अप्पियन सांगतो की कार्थेजने इजिप्तच्या दुसऱ्या टॉलेमीकडे दोन हजार टॅलंट कर्ज मागितलं. रोमही मित्र आणि कार्थेजही मित्र, म्हणून त्याने नकार दिला. एक टॅलंट म्हणजे साधारण सव्वीस किलो चांदी. मग पैसा कुठून आला? आफ्रिकेतल्या लिबियन शेतकऱ्यांकडून. पॉलिबियस लिहितो की युद्धकाळात त्यांच्याकडून निम्मं पीक घेतलं गेलं आणि गावांवरचा कर दुप्पट झाला. ज्याला देणं जमलं नाही त्याला माफी नव्हती.

हे वाचल्यावर मी ती फिकी नाणी पुन्हा पाहिली. माझ्या पेशातला माणूस ताळेबंदातली तूट पाहूनच आत काय चाललं आहे ते ओळखतो. इथे सबंध राज्याची तूट धातूत उतरलेली होती. कस किती घटला हे मोजता येत होतं, आणि घटण्याचा क्रम लावला की युद्धाची एकेक पायरी दिसत होती.

२४१ मध्ये एगादी बेटांजवळ कार्थेजचं आरमार हरलं. तहात रोमला ३,२०० टॅलंट द्यायचे ठरले. त्यांतले १,००० ताबडतोब, उरलेले २,२०० दहा वर्षांत. त्याच वेळी सिसिलीतून वीस हजारांवर पगारी सैनिक थकबाकी मागायला आफ्रिकेत परतले. कार्थेजने त्यांना सध्याच्या खर्चासाठी एकेक सोन्याचं नाणं देऊन आजच्या एल केफ इथे पाठवलं, आणि मग सेनापती हान्नो तिथे जाऊन म्हणाला की ठरलेल्या रकमेत काही सूट द्या. त्या एका मागणीतून बंड उसळलं. लिबियन मॅथोस आणि कॅम्पानियाचा स्पेन्डियस त्याचे पुढारी झाले. करांनी पिचलेली लिबियन गावं एकामागोमाग एक त्यांना मिळाली. पॉलिबियस नोंदवतो की ज्या बायकांनी करापायी आपले नवरे आणि वडील धरून नेलेले पाहिले होते, त्यांनी काहीही लपवून ठेवणार नाही अशी शपथ घेतली आणि अंगावरचे दागिने उतरवून बंडाच्या खजिन्यात दिले.

या बंडखोरांनी स्वतःची नाणी पाडली. त्यांतली कितीतरी नाणी कार्थेजच्याच नाण्यांवर नवा ठसा मारून केलेली आहेत. एका बाजूला सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीज, दुसऱ्या बाजूला चालणारा सिंह, आणि ग्रीक लिपीत एकच शब्द: ‘लिबियनांचं’. काहींवर प्युनिक ‘म’ हे अक्षर आहे. ते मॅथोसचं आद्याक्षर की ‘महनत’चं, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. चांदीसारखी दिसणारी त्यांची काही नाणी प्रत्यक्षात तांब्यात आर्सेनिक मिसळून पांढरी केलेली आहेत, हे धातुपरीक्षणातून पुढे आलं आहे. पगार द्यायचा होता, चांदी नव्हती, आणि लढाई थांबवता येत नव्हती.

असलं एक नाणं मी पहिल्यांदा भिंगाखाली धरलं तेव्हा सिंहाच्या पोटाखाली आधीच्या ठशाची पुसट रेघ दिसली. मराठी माणसाला ही खूण ओळखीची आहे. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. तिथे जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाची नाणी आपली केली होती. लिबियनांचं तसं नाही. ते जिंकले नाहीत. २३८ च्या सुमारास कार्थेजचा सेनापती हॅमिल्कार बार्का याने बंड मोडून काढलं. दोन्ही बाजूंनी कैद्यांचे जे हाल केले, ते पॉलिबियसलाही त्याने ऐकलेल्या सगळ्या युद्धांत सर्वांत निर्दय वाटले. बंडात उतरलेल्या शेतकऱ्यांनी, सैनिकांनी, दागिने देणाऱ्या त्या बायकांनी लिहिलेली एक ओळही आपल्यापर्यंत आलेली नाही. आला तो फक्त नाण्यावरचा त्यांचा एक शब्द, आणि तोही त्यांना कर लावणाऱ्यांच्या नाण्यावर ठोकलेला. तेव्हापासून अरेथुसाच्या केसांच्या बटा मला दुय्यम वाटू लागल्या. त्या आजही सुंदर आहेतच. पण या ओबडधोबड सिंहात जे आहे ते मला दुसऱ्या कुठल्याही नाण्यात सापडलेलं नाही.

एकदा धातूकडे पाहायला शिकलो तशी देखणी नाणीही वेगळी दिसू लागली. कार्थेजचा हात अडकलेला पाहून रोमने सार्डिनिया बळकावलं आणि वर आणखी १,२०० टॅलंट मागितले. ती भरपाई काढायला हॅमिल्कार २३७ मध्ये स्पेनला गेला. त्याचा जावई हास्द्रुबल याने तिथे नवं कार्थेज वसवलं, आजचं कार्ताहेना. बार्का घराण्याने तिथे पाडलेली चांदीची नाणी जगातल्या संग्राहकांना वेड लावतात. दर्शनी बाजूला खांद्यावर गदा घेतलेला पुरुष, मागे माहुतासह हत्ती. तो पुरुष मेल्कार्त देव की देवाच्या रूपातला हॅमिल्कार, किंवा त्याचा मुलगा हॅनिबल, हा वाद जुना आहे. मलाही पूर्वी याच वादात रस होता. आता मी आधी चांदीचा विचार करतो. रोमन लेखक प्लिनी सांगतो की स्पेनमधल्या बेबेलो नावाच्या एका खाणीतून हॅनिबलला रोज तीनशे रोमन पौंड चांदी मिळे, म्हणजे साधारण शंभर किलो. पुढे रोमनांच्या हाती गेलेल्या नव्या कार्थेजजवळच्या खाणींत चाळीस हजार माणसं राबत, असं पॉलिबियसच्या आधारे भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. त्या हत्तीची झळाळी जमिनीखाली राबलेल्या माणसांनी दिली आहे. रोमशी दुसरं युद्ध पेटलं, आणि २०९ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने नवं कार्थेज जिंकलं तेव्हा सरकारी खजिन्यातले सहाशेहून जास्त टॅलंट त्याच्या हाती पडले आणि खाणीही गेल्या. कार्थेजची या युद्धाच्या अखेरीची चांदीची नाणी पुन्हा हिणकस आहेत, यात नवल नाही.

माझ्या मते या सगळ्या कथेचा कळस रणांगणात नाही, तो रोमच्या तिजोरीत आहे. हे युद्ध संपवणाऱ्या २०१ च्या तहात कार्थेजवर दहा हजार टॅलंटचा दंड बसला. पन्नास वर्षं, दरवर्षी दोनशे. १९९ मध्ये पहिला हप्ता रोमला पोचला. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की रोमच्या अधिकाऱ्यांनी चांदी चांगली नाही असं म्हणत ती वितळवून पाहिली, तर चौथा हिस्सा उडून गेला. कार्थेजच्या वकिलांनी रोममध्येच कर्ज काढून ती तूट भरली. एका राज्याने केलेली दोन पिढ्यांची भेसळ शत्रूच्या मुशीत अशी उघडी पडली. पण पुढेही ऐका. हॅनिबलने १९६ च्या सुमारास शहराच्या महसुलातली अफरातफर मोडून काढली, आणि १९१ मध्ये उरलेला सगळा दंड एकरकमी भरतो, असं कार्थेजने रोमला कळवलं. रोमने मुदतीआधी पैसे घ्यायला नकार दिला. हिशेब तपासणाऱ्या माझ्यासारख्याला या दोन घटनांमधलं अंतर थक्क करतं. हरलेलं शहर दहा वर्षांत स्वतःच्या पायावर उभं राहिलं होतं. १४६ मध्ये रोमने ते जाळून का टाकलं, याचं उत्तर मी आता बऱ्याच अंशी या ताळेबंदात शोधतो.

इथवर माझं मत बदललं ते फक्त आवडीपुरतं. सुंदर नाण्यांऐवजी बोलकी नाणी घेऊ लागलो, एवढंच. दुसरा बदल जास्त कठीण होता, कारण तो माझ्या घेण्यावरच आला.

संग्राहक नाणी वाचवतात, असं मी मानत असे, आणि त्याला पुरावाही होता. कार्थेजच्या सोन्याच्या आणि मिश्रधातूच्या नाण्यांचं जेन्किन्स आणि लुइस यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेलं मूलभूत काम जुन्या संग्रहांशिवाय आणि लिलावांच्या याद्यांशिवाय झालंच नसतं. कुठला ठसा कुठल्या ठशाआधी आला, हे ठरवायला शेकडो नाणी एकमेकांशेजारी ठेवावी लागतात आणि ती नाणी खासगी हातांतून येतात. शिवाय ब्राँझची नाणी तर अमाप आहेत. वस्तुसंग्रहालयांची कपाटं भरून वाहत असताना एक घोडा माझ्या घरी आला तर बिघडलं काय, असं मी विचारत असे.

याचं उत्तर मला सिसिलीतल्या मॉर्गान्तिनाने दिलं. संग्राहकांना ‘हिस्पानोरम’, म्हणजे ‘स्पेनवासीयांचं’, असा मजकूर असलेली ब्राँझची नाणी फार पूर्वीपासून माहीत होती. ती सुटीसुटी नाणी कितीही जमवली तरी कुठल्या गावची हे त्यांतून सुटत नव्हतं. १९५५ पासून प्रिन्स्टन विद्यापीठाने सेर्रा ऑर्लान्दो इथे उत्खनन केलं, तेव्हा हीच नाणी तिथे मोठ्या संख्येने निघाली. लिव्हीने लिहून ठेवलं होतं की सिराक्यूज रोमच्या हाती देणारा स्पॅनिश नायक मोएरिकस आणि त्याचे सैनिक यांना २११ मध्ये मॉर्गान्तिना बक्षीस मिळालं. रोमविरुद्ध लढायला पगारावर आलेल्या सैनिकांनी बाजू बदलली आणि त्यांना एक गाव मिळालं. ते गाव नकाशावर पुन्हा सापडलं ते नाण्यांमुळे. अट एकच होती: ती नाणी जिथे पडली होती तिथेच कुणीतरी ती मोजायला हवी होती.

त्याच उत्खननाने आणखी एक मोठा वाद मिटवला. रोमचं डेनेरियस हे चांदीचं नाणं कधी सुरू झालं? प्लिनीच्या सालावरून काहीजण २६९ म्हणत. विसाव्या शतकातल्या मातब्बर अभ्यासकांनी १८७ च्या बाजूने जोरदार मांडणी केली होती. मॉर्गान्तिनात २११ च्या विध्वंसाच्या थराखाली डेनेरियसच्या मालिकेतली छोटी चांदीची नाणी मिळाली. म्हणजे हॅनिबल इटलीत असतानाच, युद्धाने जुनं चलन कोसळल्यावर, रोमने हे नवं नाणं काढलं होतं. हीच नाणी कुणी खणून नेऊन विकली असती, तर प्रत्येकाच्या घरी एकेक चांगलं नाणं गेलं असतं आणि प्रश्न तसाच राहिला असता.

मॉर्गान्तिनातच चोरांनीही खणलं. तिथून नेलेली चांदीची सोळा भांडी आणि वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने विकत घेतल्या होत्या. त्या २०१० मध्ये इटलीला परत गेल्या. पुरातत्त्वज्ञ माल्कम बेल यांनी चोरांनी उकरलेली जागा पद्धतशीर खणली तेव्हा खड्ड्यात १९७८ चं शंभर लिऱ्यांचं नाणं मिळालं. चोरी केव्हा झाली त्याला या नाण्याने आधार दिला. खिशातून पडलेलं साधं चालू नाणंदेखील ते पडलेल्या जागी राहिलं म्हणून साक्षीदार ठरलं.

यानंतर माझ्याच संग्रहाकडे पाहताना मला एकच प्रश्न सतावू लागला. माझ्याकडच्या लिबियन नाण्याचं वजन, धातू, ठसे सगळं मला माहीत आहे. ते कुठल्या गावच्या मातीत होतं? बंडाच्या छावणीत, की बंड मोडल्यावर कुणी घरात पुरून ठेवलेल्या मडक्यात? सोबत कार्थेजची नाणी होती का, आणि किती? विक्रेत्याकडे ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ यापलीकडे उत्तर नव्हतं, आणि कागद नव्हताच. बंडखोरांच्या खजिन्यात पैसा कसा फिरला, हे सांगू शकणारी बहुधा एकमेव साक्ष या उत्तराबरोबर संपली होती.

ट्युनिशियाचा १९९४ चा वारसा कायदा जमिनीतून निघालेल्या पुराणवस्तूंचं रक्षण करतो. आपल्याकडेही सापडलेलं गुप्तधन कळवण्याचं बंधन १८७८ च्या कायद्याने घातलं आहे, आणि १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जोगळटेंभीच्या साठ्याविषयी आपल्याला जेवढा अभिमान आहे, तेवढाच एल केफच्या माणसाला आपल्या मातीविषयी असणार. नाशिकच्या शेतातून रात्री उपसलेलं नाणं लंडनच्या तबकात दिसलं तर माझा जीव तुटेल. मग ट्युनिशियातल्या शेतासाठी माझा नियम वेगळा कसा असेल?

म्हणून आता १९७० च्या युनेस्को कराराआधीचा लेखी पुरावा असल्याशिवाय मी कार्थेजचं नाणं घेत नाही. अशी नाणी कमी मिळतात आणि महाग पडतात. माझ्याकडे आहेत त्यांची छायाचित्रं, वजनं आणि मिळालेले सगळे कागद मी अभ्यासकांना खुले केले आहेत. छंद सोडलेला नाही. उलट, ब्रिटिश म्युझियमच्या नाणी विभागात वेळ ठरवून नाणी पाहताना आणि उत्खननांचे अहवाल वाचताना मला त्यात पूर्वीपेक्षा जास्त गोडी वाटते. काही मित्रांना हा अतिरेक वाटतो. ते म्हणतात, तू घेतलं नाहीस तर दुसरा घेईल. खरं आहे. पण शेतात रात्री खणणाऱ्याला पैसे मिळतात ते शेवटी आमच्यासारख्यांच्याच खिशातून, आणि त्यातला माझा वाटा बंद करणं एवढं तरी माझ्या हातात आहे.

कार्थेजच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं. शहर पडल्यावर तिथली ग्रंथालयं रोमने आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली, असं प्लिनी सांगतो. कार्थेजच्या मागोचा शेतीवरचा ग्रंथ तेवढा भाषांतरासाठी ठेवून घेतला. कार्थेजने स्वतःबद्दल लिहिलेला इतिहास उरलेला नाही. या युद्धांबद्दल जे वाचतो ते ग्रीकांनी आणि रोमनांनी लिहिलेलं. कार्थेजच्या आणि त्याच्याविरुद्ध उठलेल्या लिबियनांच्या स्वतःच्या शब्दांतलं जे थोडं आपल्यापर्यंत आलं, त्यात ही नाणी येतात. त्यांच्या जागेची नोंद पुसली तर उरलेला पुरावाही आपण शत्रूंच्या हवाली करतो. जो कुणी नव्याने या नाण्यांकडे वळतो आहे, त्याला माझं सांगणं आहे: किंमत विचारण्याआधी ते कुठून आलं ते विचारा, आणि उत्तर कागदावर नसेल तर कितीही देखणं असलं तरी ते परत तबकात ठेवा.